मधोमध बोटभर उंच

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, मध्य पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान रेल्वे संग्रहालयाच्या कारखान्यात, एकोणिसाव्या शतकातल्या एका लाकडी प्रवासी डब्यात वाळूची पोती भरण्यात आली. प्रत्येक आसनावर एका माणसाच्या वजनाइतकी वाळू होती. दुपारी जेवणानंतर डबा पूर्ण भरला. त्यानंतर खिडक्या उघडून पाहिल्या. दोन्ही टोकांच्या खिडक्या उघडल्या. मधल्या खिडक्या अर्ध्यावर अडकल्या, त्या ना वर गेल्या ना खाली आल्या. डबा मध्ये खचला होता.

मी या कारखान्यात सुतार होते. त्याआधी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. नवऱ्याच्या पीएचडीमुळे स्टेट कॉलेज नावाच्या इथल्या गावी आले. त्या वेळच्या व्हिसावर मला पगारी नोकरी करता येत नव्हती. स्वयंसेवक म्हणून काम करायला हरकत नव्हती. संग्रहालयाला खिडक्यांच्या चौकटी पॉलिशपेपरने घासायला माणसे हवी होती. पुढे कागदपत्रे बदलली आणि नोकरीही तिथेच लागली. माझ्याबद्दल एवढे पुरे आहे.

मंडळाच्या गणपतीत नवा माणूस भेटला की प्रश्नोत्तरे ठरलेली असतात.

“तुम्ही काय करता?”

“रेल्वेचे डबे दुरुस्त करते.”

“म्हणजे रेल्वेसाठी सॉफ्टवेअर?”

“सुतारकाम.”

“अच्छा, मॉडेल्स!”

“नाही. खरे. पन्नास फुटी.”

यानंतर समोरचा माणूस बटाटेवड्यांच्या रांगेकडे वळतो. जो वळत नाही, त्याला मी पुढची माहिती सांगते.

त्या काळातला अमेरिकन प्रवासी डबा म्हणजे एक लांब खोली. दोन्ही टोकांना दार, दारांबाहेर उघडा सज्जा, सज्ज्यावर लोखंडी कठडा आणि हाताने फिरवायचे ब्रेकचे चाक. आत मधून चालायची वाट आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसांची बाके. बाकाची पाठ पुढे-मागे ढकलता येते. गाडीची दिशा बदलली की पाठ दुसरीकडे ढकलायची, म्हणजे प्रवाशाचे तोंड पुन्हा पुढे. एका कोपऱ्यात कोळशाची शेगडी, वर तेलाचे दिवे. छपराच्या मध्यभागी आणखी एक उंच, अरुंद छप्पर आणि त्याच्या दोन्ही कडांना छोट्या काचा, उजेड यायला आणि धूर जायला. युरोपात त्या वेळी घोडागाड्या एकापुढे एक जोडाव्यात तसे छोट्या खोल्यांचे डबे होते, प्रत्येक खोलीला बाजूने दार. इथे रूळ घाईने टाकलेले, वळणे तीव्र, जमीन उंचसखल. आखूड, चार चाकी डबा अशा रुळांवर प्रवाशांची हाडे खिळखिळी करी. म्हणून इथल्या लोकांनी डबा लांब केला आणि दोन्ही टोकांखाली वळणारे चार चाकी गाडे बसवले. मराठीत आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. मूळ बोगी म्हणजे हा खालचा गाडा.

पण लांब डबा केला की नवी अडचण उभी राहते. डबा दोन टोकांजवळ टेकलेला असतो आणि मध्ये काहीच नसते. तो पूलच झाला. आणि हा पूल लाकडाचा, त्यात साठ माणसे बसवायची, वर शेगडी पेटवायची आणि तो सबंध पूल ताशी चाळीस मैलांनी ओढायचा.

त्या कारागिरांनी उत्तरही पुलाचेच दिले. खिडक्यांच्या खाली, बाहेरच्या रंगीत फळ्यांच्या आड, दोन्ही बाजूंना तिरक्या लाकडांची जाळी असते. लोखंडी पुलाच्या कठड्यात दिसते तशीच. डब्याचा भार ही जाळी पेलते. शिवाय डब्याच्या जमिनीखाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लोखंडी सळ्या जातात. त्या मध्ये खाली उतरून दोन ठोकळ्यांखालून जातात आणि पुन्हा वर चढतात. सळीच्या मध्यभागी दोन्हीकडे आटे असलेला एक लांबट नट असतो, त्याला टर्नबकल म्हणतात. तो फिरवला की सळी ताणली जाते आणि ठोकळे जमिनीला खालून वर रेटतात. प्रवासी बसतात ती मखमल आणि ते पितळी दिवे सगळ्यांना दिसतात. डबा ज्याच्यावर उभा आहे ते यातले काहीच दिसत नाही. माझे काम त्या न दिसणाऱ्या भागाचे होते.

हा डबा जंगलात सापडला होता. रेल्वेने तो टाकून दिल्यावर कोणीतरी चाके काढून तो डोंगराच्या उतारावर नेला आणि हरणांच्या शिकारीच्या दिवसांत राहायची खोली म्हणून वापरला. डोंगराकडच्या बाजूला मधोमध दगड रचून टेकू दिला होता. दरीकडच्या बाजूला करवतीने जाळी कापून नवे दार पाडले होते. दार मोठे ऐसपैस होते. ते कापणाऱ्याला आपण पूल कापतोय हे माहीत असण्याचे कारण नव्हते.

कारखान्याचा प्रमुख डेल. उंच, साठी ओलांडलेला, जवळच्याच खेड्यातला. त्याचे बोलणे कमी आणि बहुतेक वेळा सँडविच खाता खाता. दुसरा माणूस निनाद. मूळ पुण्याचा, वर्क व्हिसावर आलेला, दिवसा घरून एका कंपनीचे काम करणारा आणि शनिवार-रविवार आमच्याकडे फुकट राबणारा. तो मला मीरामावशी म्हणे आणि डेलला बॉस. डेलला दोन्ही शब्द विचित्र वाटत.

“ती तुझी खरी मावशी आहे?” डेलने पहिल्याच आठवड्यात विचारले होते.

“नाही. पण आहे,” निनाद म्हणाला.

संग्रहालयाच्या समितीची अध्यक्ष कॅरल. तिला डब्यांविषयी प्रेम होते, पण तिला संग्रहालय उघडे ठेवायचे होते आणि पर्यटक चाके नसलेल्या डब्यातही तितक्याच आनंदाने शिरतात हे तिने पाहिले होते. याआधी दुरुस्तीला घेतलेला एक डबा मुदतीत उभा राहिला नव्हता. त्याची चाके काढून तो काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवला. आज तिथे आइसक्रीम मिळते. त्या डब्याच्या खिडक्यांच्या चौकटी मी घासल्या होत्या. मी तिथे एकदा आइसक्रीम खाल्ले. पिस्त्याचे, बरे होते.

या डब्याबद्दल कॅरलने स्पष्ट सांगितले होते.

“डेल, ऑक्टोबरच्या सहलीच्या गाडीला हा डबा माणसं घेऊन धावला पाहिजे. नाही धावला, तर फज.”

फज म्हणजे दुधासाखरेची चॉकलेटची वडी. डब्यात फजचे दुकान निघणार होते. काउंटर कुठे येईल त्याचा आराखडाही तयार होता.

डेल म्हणाला, “मला फज आवडत नाही.”

त्याच्या हातांना संधिवात होता. याच्यानंतर तो नवा डबा हाती घेणार नाही, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होते. त्याने इथे दुरुस्त केलेल्या सगळ्या डब्यांपैकी एकही रुळांवर नव्हता. सगळे दोरीच्या पलीकडे, पाटी लावून उभे. माणसे घेऊन धावू शकेल असा हा एकच होता.

निनादने कामाच्या सुरुवातीलाच डब्याचे लेझर स्कॅन केले होते. यंत्र तिपाईवर फिरते, आणि डब्याचा प्रत्येक इंच संगणकावर लाखो ठिपक्यांनी उभा राहतो. त्या ठिपक्यांत दोन गोष्टी दिसल्या. दरीकडची, म्हणजे दार पाडलेली बाजू मध्ये खाली गेली होती. डोंगराकडची बाजू मध्ये किंचित वर आली होती.

पहिलीचे कारण दारच होते. दुसरीचे कारणही आम्हाला समोर दिसत होते. मधोमध दगडांचा टेकू होता. हिवाळ्यात जमीन गोठून फुगते, दगड वर येतात, दगडांनी डबा उचलला. असे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवले. एक बाजू खचली आहे, एक बाजू उचलली गेली आहे, खरी रेषा दोघींच्या मध्ये असणार. निनादने दोन्ही वक्रांची सरासरी काढली. ती जवळजवळ सरळ रेषा आली. इतकी सरळ, की कोणालाच शंका आली नाही.

“परफेक्ट आहे यार, मावशी,” निनाद म्हणाला. “बघा ना, झीरो.”

त्या रेषेप्रमाणे डोंगराकडची बाजू हळूहळू खाली आणली. दरीकडची वर उचलली. पाडलेल्या दाराच्या जागी अ‍ॅश नावाच्या चिवट लाकडाचे नवे खांब, नवी तिरकी लाकडे बसवली. ते काम एक अख्खा हिवाळा चालले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक तार ताणून पाहिली, तेव्हा तळाची तुळई तारेला सगळीकडे सारखी टेकत होती. डेलने तारेवर बोट मारले. तार वाजली. त्या दिवशी मी सगळ्यांसाठी पुरणपोळ्या नेल्या होत्या.

पहिली सूचना एप्रिलमध्ये मिळाली होती. निनादची काकू, वसुधाताई, न्यू जर्सीतल्या एडिसनहून आपल्या भिशीच्या मैत्रिणींची व्हॅन भरून डबा पाहायला आल्या. अशा गटात शंका फार येतात. टॉयलेट कुठे होते, ते खाली कुठे जायचे, आणि तिथे पाणी होते का. (एका कोपऱ्यात, थेट रुळांवर, नव्हते.) एका बाईंनी बाकाची पाठ चार वेळा इकडून तिकडे ढकलली आणि असा सोफा आपल्या नवऱ्याला एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत शोधायला लावणार असल्याचे जाहीर केले. मग फोटोसाठी सगळ्याजणी मधल्या बाकांवर दाटीवाटीने बसल्या.

वसुधाताईंनी खिडकी उचलायचा प्रयत्न केला.

“अगं मीरा, ही उघडत नाही.”

“जोर लावा, काकू,” निनाद म्हणाला.

“जोर लावलाय. तुझ्या काकाची गाडी ढकललीये मी बर्फातून, मला जोर शिकवू नकोस. तुमचा डबा बिघडलाय.”

“रंग चिकटला असेल,” मी भाषांतर करून सांगितल्यावर डेल म्हणाला.

त्या उतरल्यावर खिडकी उघडली. त्यामुळे रंगच असणार यावर सगळ्यांचे एकमत झाले.

मे महिन्यात वाळू भरली तेव्हा रंगाचा प्रश्न निकालात निघाला. लाकडी डबा भार पडल्यावर थोडा तरी वाकणारच. सरळ डबा भरला की मध्ये खाली जातो. तो खाली गेला की खिडक्यांच्या चौकटी चौरस राहत नाहीत आणि तावदाने अडकतात. अडकलेली तावदाने हा अडचणीचा छोटा भाग होता. त्याच वाकण्याने वळणावर सांधे सैल होत जातात, आणि असा डबा माणसे घेऊन नेता येत नाही.

डेल पोत्यांमधल्या एका बाकावर बसला आणि त्याने सँडविचचा कागद उघडला. त्याने ते खाल्ले नाही, नुसते धरून बसला.

निनाद म्हणाला, “सळ्या अजून टाइट करू.”

“जेवढ्या ताणायच्या तेवढ्या ताणल्यात,” डेल म्हणाला. “आता ताणल्या तर टोकं वाकतील.”

“मग मॉडेल परत चेक करतो. पण मॉडेल बरोबर आहे, बॉस. दोन्ही साइड्सचा अ‍ॅव्हरेज...”

इथे मला वृत्तपत्रातला एक नियम आठवला आणि मी तो बोलून दाखवला. अपघाताची बातमी येते. एक बातमीदार सांगतो तीन जखमी, दुसरा सांगतो पाच. उपसंपादक चार छापत नाही. चार हा आकडा कोणीच पाहिलेला नसतो. दोघांपैकी घटनास्थळी कोण होता ते शोधायचे, आणि त्याचा आकडा घ्यायचा.

“म्हणजे?” निनादने विचारले.

“म्हणजे सरळ रेषा या डब्यात कुठल्याच बाजूला सापडली नव्हती. ती आपण काढली.”

डेलने सँडविच पुन्हा कागदात गुंडाळले. तो उठला आणि डोंगराकडच्या बाजूला गेला. तिथल्या दोन खांबांमधल्या बाहेरच्या फळ्या अजून बसवायच्या राहिल्या होत्या. मूळ लाकूड उघडे होते. त्याने वहीचे एक पान फाडले आणि जिथे खांब तुळईत बसतो त्या सांध्यात सरकवून पाहिले. त्या बाजूला आम्ही नवे लाकूड घातले नव्हते, फक्त खाली दाबले होते. कागद आत गेला. सांध्याच्या एका कडेला फट होती.

“ही फट आधी होती?” त्याने विचारले.

निनादने लॅपटॉप आणला. सरासरी काढण्यापूर्वीचे मूळ स्कॅन त्याने पुसलेले नव्हते. पहिल्या उन्हाळ्यातले जवळून काढलेले फोटोही होते. त्यांत तोच सांधा घट्ट बंद दिसत होता. दगडांनी डबा उचलला असता तर सांधे तेव्हा उघडे असते आणि आम्ही सरळ केल्यावर मिटले असते. इथे उलटे झाले होते. वर उचललेल्या अवस्थेत ते बंद होते, आणि सरळ केल्यावर उघडले.

सोमवारी एक खांब काढला. खांबाच्या पायाला बाजूने गुण्या लावून पाहिला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचे सुताराचे हत्यार. एका कडेने केसाएवढा उजेड दिसला. पाय काटकोनात कापलेला नव्हता. दुसरा खांब काढला. मध्यापासून तो जितका लांब, तितका त्याचा उतार जास्त. डब्याच्या मध्याच्या दुसऱ्या बाजूला उतार उलट दिशेने होता. लाकडावर रंध्याच्या खुणा तशाच होत्या. झिजून असे होत नाही. कोणीतरी प्रत्येक खांब वेगळा मापून, वेगळ्या उतारावर मुद्दाम कापला होता.

डबा मुळातच वाकडा बांधलेला होता. मधोमध बोटभर उंच, अगदी हलकी कमान. रिकामा असताना पाठ किंचित वर. साठ माणसे बसली की ती कमान खाली येते आणि डबा सरळ होतो. तो सरळ व्हावा ही अपेक्षा प्रवासी आत बसल्यावरची होती; कारखान्यात उभा असतानाची नव्हती. डोंगराकडची बाजू जंगलात इतकी वर्षे पडून राहिली, छप्पर गळले, फळ्या कुजल्या, पण तिने ती कमान सोडली नव्हती. ती बाजू आम्ही दाबून सरळ केली होती.

निनाद खांबाकडे पाहत उभा होता. “मावशी, मी डेटामधून करेक्ट आन्सर एरर म्हणून काढून टाकला.”

“आपण चौघा-पाचांनी मिळून काढला,” मी म्हणाले.

“तुझ्या यंत्रात तो अजून आहे ना?” डेलने विचारले.

“आहे.”

“मग उघड. कामाला लागू.”

त्या वेळी कॅरल कारखान्यात आली. समोर काढलेले खांब, सुट्या झालेल्या खिडक्या आणि रिकामी केलेली वाळू तिने पाहिली.

“हा डबा शुक्रवारी पूर्ण होता,” ती म्हणाली.

“शुक्रवारी तो चुकला होता,” डेल म्हणाला.

“ऑक्टोबर, डेल.”

“माहीत आहे.”

“मी काउंटरवाल्याला अजून नाही म्हटलेलं नाही.”

“म्हणू नकोस. त्याचं काउंटर फलाटावर लाव.”

मग जे काम झाले त्यात सांगण्यासारखा प्रसंग एकही नाही, म्हणून ते बहुधा चांगले झाले असावे. हिवाळाभर बसवलेले अ‍ॅशचे नवे खांब दरीकडच्या बाजूने काढले. त्यांचे पाय काटकोनात होते, त्यामुळे ते निरुपयोगी होते. स्टेट कॉलेजच्या ज्या विद्यार्थ्यांनी ते शनिवारी शनिवारी बसून घासले होते, त्यांतले काही पदवी घेऊन निघून गेले होते. त्यांचे काम या डब्यात नाही, याची खंत मला आहे. त्यातल्या दोन खांबांची बाके करून कारखान्याच्या दाराशी ठेवली आहेत. नवे खांब कापताना प्रत्येकाचा उतार समोरच्या, मूळ बाजूच्या जोडीदार खांबावरून घेतला. निनादचा संगणक माप सांगे, डेल गुण्याने तपासे, मी कापत असे. तिघांची मापे जुळली तरच लाकडाला करवत लागे.

डोंगराकडची बाजू खालून जॅक लावून उचलली. एकदम उचलता येत नाही. लाकूड दबून एका जागी बसलेले असते, घाई केली तर चिरते. सकाळी थोडे उचलायचे आणि दिवसभर सोडून द्यायचे. दुसऱ्या दिवशी आवाज ऐकायचा. करकर थांबली असेल तर पुढे. टर्नबकलही तसेच, एका बाजूचे थोडे, मग समोरच्या बाजूचे तितकेच. डेलच्या बोटांना मोठा पाना धरवत नव्हता. तो शेजारी उभा राहून ‘पाव फेरा’ म्हणे आणि निनाद पाव फेरा फिरवी. एकदा निनादने अर्धा फिरवला.

“पाव म्हणालो.”

“सॉरी, बॉस. फ्लो मध्ये होतो.”

“लाकूड फ्लो मध्ये नाहीये.”

निनादने फेरा परत घेतला.

ऑगस्टमध्ये एके सकाळी मूळ बाजूचे सांधे मिटले. डेलने वहीचा कागद सगळ्या सांध्यांवरून फिरवला. तो कुठेही आत गेला नाही. तार ताणली. दोन्ही टोकांना तुळई तारेला टेकत होती आणि मध्ये दोन्ही बाजूंना, सारखीच, बोटभर वर होती. या वेळी पुरणपोळ्या नेल्या नव्हत्या. डेलने त्याबद्दल विचारणा केली.

एक निर्णय तेव्हा झाला, तो नोंदवते. डोंगराकडच्या बाजूला खिडकीखालच्या एका चौकोनातल्या फळ्या कायमच्या ठोकायच्या नाहीत, स्क्रूने बसवायच्या. स्क्रू काढले की मूळ खांबाचा पाय दिसेल. पुढच्या सुताराला ठोकताळे बांधावे लागू नयेत. ही सूचना निनादची.

सप्टेंबरअखेर तपासणी झाली. तपासनीस बाहेरगावचा होता. त्याने चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकले, ब्रेक ओढले, खाली सरपटत जाऊन सळ्यांवर टिचकी मारली. माझ्या डब्यातला चिवडा त्याने न विचारता खाल्ला आणि त्यातले शेंगदाणे संपवले. मग त्याने डब्याच्या बाजूने डोळा लावून लांबवर पाहिले.

“हा सरळ नाही.”

“नाही,” डेल म्हणाला.

“मध्ये उचललाय.”

“तसाच बांधला होता.”

“कोण म्हणतं?”

डेलने निनादकडे पाहिले. निनादने चार स्क्रू काढले आणि फळ्या उतरवल्या. मी तपासनीसाच्या हातात गुण्या दिला. त्याने तो खांबाच्या पायाला लावला, वाकून उजेड पाहिला, मग मध्याच्या पलीकडच्या खांबाचा फोटो मागितला. तो पाहिला. उतार उलटा होता. त्याने पुन्हा खांबाकडे पाहिले आणि लाकडावरच्या रंध्याच्या खुणांवरून अंगठा फिरवला.

“भरा,” तो म्हणाला.

पोती भरली. तार ताणलेलीच होती. पोती वाढत गेली तशी तुळई तारेकडे आली. शेवटचे पोते ठेवल्यावर ती तारेला टेकली, सबंध लांबीभर. तपासनीसाने मधल्या खिडक्या एकेक करून स्वतः उघडल्या आणि बंद केल्या. नंतर त्याने सही केली. चिवडा कुठे मिळतो हेही त्याने विचारले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी डबा इंजिनाला जोडला गेला. फजचे टेबल फलाटावर होते. कॅरल स्वतः तिकिटे तपासत होती. डबा भरला; एडिसनच्या व्हॅनमधल्या मैत्रिणीही आल्या होत्या. वसुधाताईंनी मधले बाक धरून ठेवले होते.

“बसा, डेल,” त्या इंग्रजीत म्हणाल्या आणि शेजारची पर्स उचलली.

डेल आतापर्यंत या डब्यात पोत्यांशेजारीच बसला होता. तो बसला. निनाद मागच्या सज्ज्यावर ब्रेकच्या चाकाशी उभा होता. मी दाराशी होते.

“काकू, खिडकी ट्राय केली का?” निनादने दारातून ओरडून विचारले.

“गाडी हलू दे आधी. मागच्या वेळेला उभ्या गाडीत फसवलंत मला.”

गाडी निघाली. शेतांच्या कडेने, मक्याची तोडणी झालेल्या रानातून आणि नदीवरच्या लोखंडी पुलावरून ती गेली. पुलावर वसुधाताईंनी मधली खिडकी वर केली. ती वर गेली. डेल खाली वाकून, खिडकीखालच्या फळ्यांना कान लावून बसला होता. समोरच्या बाकावरच्या माणसाने त्याला बरे वाटत नाही का, असे विचारले. डेलने हाताने थांबायची खूण केली.

परतीच्या वाटेवर वारा सुटला आणि डब्यातल्या लोकांनी जॅकेटे चढवली. डबा भरलेला होता. एकामागून एक खिडक्या खाली आल्या. मधली खिडकी वसुधाताईंनी एका हाताने ओढली. ती पूर्ण बंद झाली.